तुपाला शिव्या आणि मिठाला माफी : हार्टचं आपलं कुठं बिघडतं ते जरा बघूया

२०२५ च्या जून-जुलैत आपल्या कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यात चाळीसेक दिवसांत वीसपेक्षा जास्त माणसं हार्ट अटॅकनं गेली अशा बातम्या आल्या, तेव्हा आपल्या बेळगावातही प्रत्येक फॅमिली ग्रुपवर तेच चालू होतं. कोण म्हणतंय लसीमुळं, कोण म्हणतंय पाण्यात काहीतरी आहे, आणि तिकडं बेंगळूर-म्हैसूरच्या जयदेव ह्या सरकारी हार्ट हॉस्पिटलात धडधाकट माणसांची चेकअपला झुंबड. सरकारनं जयदेवच्याच संचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिनं रिपोर्ट दिला, त्यात कोविड लसीशी संबंध काही सापडला नाही आणि मृत्यू एकदम वाढलेत असंही दिसलं नाही. सापडलं ते जुनंच, शुगर, बीपी, सिगरेट-दारू, घरात आधी कुणाला झालेलं. बातमी म्हणून त्यात काहीच मजा नाही, म्हणून असेल, तो रिपोर्ट काही कुणी फॉरवर्ड केला नाही. त्याऐवजी लसूण-आलं-लिंबू-व्हिनेगर-मध उकळून ब्लॉकेज विरघळवणारा काढा मात्र अजून फिरायलाय.

तो काढा का चालत नाही हे कळायचं असेल तर आत नेमकं काय होतं ते बघावं लागतं, आणि इथंच बहुतेकांचं चित्र चुकीचं असतं. आपल्याला वाटतं तेलतूप खाल्लं की रक्तवाहिनीत आतून थर बसतो, बसत बसत एक दिवस शंभर टक्के बंद, झाला अटॅक. तसं नसतं. कोलेस्टेरॉलमधला एलडीएल नावाचा जो प्रकार आहे तो रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत शिरतो, आणि जिथं बीपीनं, धुरानं, शुगरनं आतलं अस्तर आधीच दुखावलंय तिथं जास्त शिरतो. मग शरीरातल्या पांढऱ्या पेशी तो गिळायला येतात, गिळून गिळून फुगतात, तिथंच मरतात, आणि भिंतीतच एक फोड तयार होते, अगदी कातडीवर पिकते तशी, वर पातळ पापुद्रा आणि आत घाण. ही फोड वर्षानुवर्षं गप्प बसू शकते. ज्या दिवशी पापुद्रा फाटतो त्या दिवशी रक्ताला वाटतं जखम झाली, ते गुठळी करून तोंड बंद करायला धावतं, आणि काही मिनिटांत सगळी वाहिनीच बंद होते. पुढच्या स्नायूला रक्त नाही, तो मरायला लागतो. ह्यालाच हार्ट अटॅक म्हणायचं.

म्हणून तर ‘अहो मागच्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट, ती पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती, नॉर्मल आली होती की’ असं मयतीला ऐकायला मिळतं. टेस्ट खोटी नव्हती. तीस-चाळीस टक्के अडथळा असेल तर चालताना छातीत काही होत नाही, टेस्टमध्येही दिसत नाही, पण फोड तेवढीही फुटू शकते. आणि भिंतीच्या आत असलेली गोष्ट पोटात गेलेल्या लिंबानं कशी धुऊन निघणार, तुम्हीच सांगा.

दुसरं म्हणजे हे पन्नाशीत सुरू होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं झाली, १९५३ साली त्यावर पेपर आला, सरासरी वय २२ आणि त्यातल्या बहुतेकांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत बिघाड सुरू झालेला होता. म्हणजे आपला कॉलेजात जाणारा पोरगा चहा-सिगरेटवर दिवस काढतो ते हिशेबात लिहिलं जायलंय, बिल उशिरा येतं एवढंच.

मग दोष कशाकशाला द्यायचा? ह्याचं बऱ्यापैकी स्वच्छ उत्तर २००४ साली मिळालंय. इंटरहार्ट नावाचा अभ्यास झाला, ५२ देश, जवळपास ३० हजार माणसं, त्याचे प्रमुख डॉ. सलीम युसुफ, मूळचे केरळचे आणि एमबीबीएस आपल्या बेंगळूरच्या सेंट जॉन्समधून केलेले. त्यांना दिसलं की पहिल्या हार्ट अटॅकचा ९० टक्क्यांच्या आसपास धोका फक्त नऊ गोष्टींतून येतो. तंबाखू, बिघडलेलं कोलेस्टेरॉल, बीपी, शुगर, पोटाचा घेर, मनाचा ताण, फळं-भाज्या कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचा हिशेब. देश कुठलाही, जात-धर्म कुठलाही, हीच नऊ. फरक एवढाच की आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो, कारण ह्या गोष्टी आपल्यात लवकर सुरू होतात.

आता आपल्या ताटाकडं या. मला विचाराल तर आपल्या भागातलं जुनं जेवण हार्टसाठी वाईट नाहीच, उलट चांगलंय. ज्वारीची भाकरी, मडकीची नाहीतर हुलग्याची उसळ, झुणका, बरोबर कच्ची मेथी, कांदापात, मुळा, काकडी, शेंगाची चटणी, ताक. ह्यात फायबर आहे, डाळीचं प्रोटीन आहे, शेंगदाण्यातली चांगली चरबी आहे. बाहेरचे डाएटवाले हजारो रुपये घेऊन जे सांगतात ते खानापूर-हुक्केरीकडची म्हातारी माणसं फुकटात खात आलीत. बिघडलंय ते बाजूच्या गोष्टींत, आणि त्यात पहिला नंबर मिठाचा, ज्याला कुणीच काही बोलत नाही. हार्टचा पेशंट घरात आला की आधी तुपाची बरणी कपाटात जाते, लोणच्याची तिथंच टेबलावर राहते.

मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी हवं, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, तेही सगळं धरून. आता आपला दिवस बघा. सकाळी उप्पीट, त्यात मीठ. बरोबर शेव, त्यात मीठ. दुपारी भाजी-आमटीत मीठ, भाकरीच्या पिठात काहीजण घालतात, भातात घालतात, वर चटणी, लोणचं, तळलेली सांडगी मिरची जी मुळातच मिठात-ताकात मुरवून वाळवलेली, पापड, ताकात परत चिमूटभर. संध्याकाळी चिरमुरे-फरसाण नाहीतर बेकरीची खारी. रात्री परत पहिल्यापासून. एकेक बघितलं तर काहीच जास्त वाटत नाही, बेरीज मात्र दुपटीवर जाते.

ह्याला एक सोपा हिशेब आहे, पथ्याचा तक्ता वगैरे काही लागत नाही. चार माणसांचं घर, माणशी ५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला २० ग्रॅम. मग मिठाचा एक किलोचा पुडा ५० दिवस तरी पुरायला पाहिजे, आणि बाहेरचं खाणं, बिस्किट, फरसाण ह्यातनं वेगळं मीठ येतं ते धरलं तर त्याहून जास्तच. पुडा फोडला की त्यावर पेननं तारीख टाका. महिन्याच्या आत संपायला लागला तर कुठल्या तज्ज्ञाची गरज नाही, उत्तर हातात आहे. अर्थात मे महिन्यात लोणची-पापड घालता तेव्हाचा पुडा वेगळा धरा, नाहीतर सासूसुनेत विनाकारण वाद.

उपवासाचं सैंधव मीठ म्हणजे बीपीला चालणारं मीठ, हा समज सगळीकडं आहे. तेही बहुतांश तेच सोडियम क्लोराईड, वर आयोडीन नाही. खरा फरक पडतो तो कमी सोडियमच्या मिठात, ज्यात थोडा भाग पोटॅशियमचा असतो. चीनमध्ये ६०० खेड्यांत जवळजवळ २१ हजार माणसांवर हा प्रयोग झाला, २०२१ साली निकाल आला, नुसतं घरातलं मीठ बदललं तर स्ट्रोक १४ टक्क्यांनी कमी. पण किडनीचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर पोटॅशियम रक्तात साठतं आणि ते धोक्याचं, म्हणून अशा माणसांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ह्याला हात लावू नये.

आता तेल. लोक नेहमी विचारतात कुठलं तेल चांगलं, आणि किती हे कुणी विचारत नाही. लाकडी घाण्याचं शेंगतेल आणलं म्हणून त्यातले उष्मांक कमी होत नाहीत, कुठलंही तेल एका ग्रॅमला ९ कॅलरी. माणशी महिन्याला अर्धा लिटर ही ढोबळ मर्यादा धरा, चौघांना दोन लिटर. बहुतेक घरांत पाचचा कॅन येतो आणि तो कधी संपतो ते बघा म्हणजे झालं. प्रकारातही फरक आहे, नाही असं नाही. जी चरबी एलडीएल वाढवते ती शेंगतेलात साधारण पाचवा हिस्सा, पामतेलात निम्मी, तुपात साठ टक्क्यांच्या वर आणि खोबरेल तेलात नव्वदच्या घरात. म्हणून रोजच्याला शेंग, सूर्यफूल, करडई, राईस ब्रान असं अधूनमधून बदलत वापरावं, आणि भातावर एक चमचा तूप घेतलं तर काही आभाळ कोसळत नाही, पण तो एक चमचाच हवा, आईनं मायेनं ओतलेली धार नव्हे. डालडाची भानगड वेगळी, त्यातली ट्रान्स फॅट सगळ्यात वाईट, ती एलडीएल वाढवते आणि चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणते. सरकारनं जानेवारी २०२२ पासून तेला-तुपात तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणलीय, त्यामुळं पॅकेटातला धोका कमी झालाय, पण गाड्यावरच्या कढईत सकाळपासून काळं पडलेलं तेल संध्याकाळी मिरची भजी तळत असतं त्याला कुठला कायदा बघायला जाणार. पावसात भजी खाऊ नका असं मी म्हणणार नाही, मलाच जमायचं नाही. महिन्यातनं एखाद्या वेळी, आणि तेल डोळ्यांनी बघून खा.

मटण रविवारी आहेच आपल्यात. आठवड्यातनं एकदा दोन-चार फोडी आणि रस्सा वरचं तवंग काढून, ठीक आहे. त्रास कशाचा, तर रविवारचं मटण बुधवारी पण होतं, शनिवारी ढाब्यावर पण होतं. मासे जास्त चांगले, गोवा-कारवारकडनं बांगडा-तारली येते ती स्वस्तही असते आणि हार्टला सगळ्यात चांगली, फक्त रवा लावून तेलात बुडवून काढली की तिचा अर्धा पुण्यसाठा तिथंच गेला.

गोडाचं आणि भाताचं एकत्र सांगतो कारण दोन्ही जाऊन एकाच ठिकाणी पोचतात. आपल्या लोकांच्या रिपोर्टात एक ठरलेलं चित्र दिसतं, ट्रायग्लिसराईड म्हणजे रक्तातली एक चरबी जास्त आणि चांगलं कोलेस्टेरॉल कमी, आणि ते येतं साखर, मैदा, भाताच्या डोंगरातनं आणि सुटलेल्या पोटातनं. भात सोडायची गरज नाही. आधी भाकरी-उसळ-भाजी पोटभर, मग शेवटी वाटीभर भात, असा क्रम लावला तरी डोंगराचा टेकडा होतो. कुंदा आपला अभिमान आहे, मान्य, पण तो पाहुण्यांसाठी आणलेला डबा पाहुणे यायच्या आधी निम्मा होतो हेही सगळ्यांना माहीत आहे. गोकाकचं करदंट डिंक-सुकामेव्याचं म्हणून पौष्टिक, तरी गुळाचंच. आणि गूळ साखरेपेक्षा बरा हा आपल्या ऊस-पट्ट्यातला समज शुगरच्या बाबतीत काही कामाचा नाही, रक्तात गेल्यावर दोन्ही सारखेच.

तंबाखूवर बोलायला आपल्या भागात अवघड जातं. निपाणी-चिकोडीकडं किती घरं तंबाखूवर उभी राहिली, बायकांनी विड्या वळून पोरं शिकवली, १९८१ चं शेतकऱ्यांचं मोठं आंदोलन तंबाखूच्या भावासाठीच झालं. त्या लोकांना नाव ठेवायचा माझा हेतू नाही. पण हार्टच्या दृष्टीनं पिकवणं वेगळं आणि गालात धरणं वेगळं. ‘डॉक्टर, ओढत नाही ओ, नुसती चिमूट लावतो’ हे वाक्य दवाखान्यात दिवसभर ऐकू येतं. चुना लावून मळलेल्या तंबाखूतनं, मिसरीतनं, गुटख्यातनं निकोटिन रक्तात जातंच, प्रत्येक चिमटीला नाडी आणि बीपी वर. आणि ओढणाऱ्यांसाठी तर अजून वाईट बातमी आहे. वीसवरनं एकावर आलो म्हणजे धोका वीस पट कमी झाला असं वाटतं ना? रोजची एक सिगरेटसुद्धा हार्टच्या बाबतीत वीस सिगरेटींचा निम्मा जादा धोका ठेवते. फुप्फुसाचा हिशेब वेगळा असेल, रक्तवाहिनीचा असा आहे, थोडा धूरही तिला पुरतो. घरात दुसरा ओढत असेल तर न ओढणाऱ्या बाईचा धोकाही पाव पटीनं वाढतो. उलट बाजूनं बघितलं तर हीच सवय अशी आहे की सोडली की फळ लगेच, वर्षभरात जादा धोका निम्म्यावर येतो. कुठल्याच पथ्याला इतक्या लवकर एवढं यश नाही. आपोआप सुटत नसेल तर निकोटिनचं च्युइंगम आहे, गोळ्या आहेत, त्या घेण्यात कमीपणा कसला.

दारूबद्दल थोडक्यात, रेड वाईन हार्टला चांगली ही गोष्ट आता जुनी झाली, हार्टसाठी म्हणून कुणी सुरू करायची नाही. गोव्यात स्वस्त मिळते हे कारण वैद्यकीय नव्हे.

चालायचं सांगायची खरं तर गरज नाही, टिळकवाडीत व्हॅक्सिन डेपोवर नाहीतर किल्ला तलावावर पहाटे जाऊन बघा, अर्धं गाव तिथंच. हवं ते आठवड्याला १५० मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. गप्पा मारत रमतगमत दोन फेऱ्या आणि मग सगळ्यांनी मिळून मिसळ, हा कार्यक्रम मैत्रीसाठी छान आहे, हार्टच्या खात्यात फार जमा होत नाही. खेड्यांत उलटी गंमत झालीय, बाप दिवसभर रानात राबायचा, पोराकडं ट्रॅक्टर आणि मोटरसायकल, रानापर्यंतही गाडीवर, पण ताट मात्र बापाचंच. पोटाचा घेर मोजा, बेंबीपाशी टेप लावून, श्वास सोडून. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० च्या वर गेला की वजनकाटा काहीही म्हणू दे, आत चरबी साठलीय.

कन्नड सिनेमाचे हिरो पुनीत राजकुमार २९ ऑक्टोबर २०२१ ला व्यायामानंतर हार्टच्या त्रासानं गेले, वय ४६, त्यानंतर आपल्याकडंही कितीतरी जणांनी जिम सोडली. नियमित व्यायाम करणाऱ्याचा धोका कमीच असतो. जपायचं ते चाळिशीनंतर, वर्षानुवर्षं बसून असलेल्यानं एक जानेवारीला एकदम जड वजनं उचलायला लागणं ह्याला, त्याआधी बीपी, शुगर आणि ईसीजी बघून घ्यावा.

झोप आणि ताण ह्या दोन गोष्टी सांगायला सोप्या, करायला नाहीत. उद्यमबागच्या कारखान्यात रात्रपाळी करणाऱ्याला सात तास झोपा म्हणून काय सांगणार, तरी दिवसा अंधार करून, फोन बाहेर ठेवून सलग झोप मिळवता आली तर बीपीत फरक पडतो. एक मात्र नक्की करा, घरात कुणी जोरात घोरत असेल, मधेच श्वास थांबून दचकून उठत असेल, तर हसण्यावारी नेऊ नका, तो स्लीप ॲप्निया असू शकतो आणि गोळ्या घेऊनही बीपी का उतरत नाही त्याचं कारण तिथं सापडतं.

ह्या सगळ्यात अडचण अशी की बीपी, एलडीएल, शुगर ह्यातलं काहीच दुखत नाही. म्हणून तिशीनंतर वर्षातनं एकदा मोजायचं, सरकारी आरोग्य केंद्रात, नम्म क्लिनिक ह्या शहरातल्या सरकारी दवाखान्यांत बीपी-शुगर फुकट बघतात, पाटी कन्नडात असली तरी आकडे सगळ्यांना कळतात. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. १४० वर ९० किंवा जास्त परत परत आलं तर ते बीपी. ‘गोळी सुरू केली की आयुष्यभर लागते’ म्हणून लोक पळतात. लागते बहुतेक वेळा, खरंय. पण वरचं बीपी १० नं उतरलं तर हार्ट आणि स्ट्रोकचे मोठे झटके साधारण पाचव्या हिश्शानं कमी होतात. आणि घरात वडिलांना-भावाला ५५ च्या आत किंवा आईला-बहिणीला ६५ च्या आत हार्टचं झालं असेल तर लिपिडची म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉल-चरबीची तपासणी विशीतच करून घ्या, काहींचं एलडीएल जन्मतःच जास्त असतं, तिथं कितीही भाकरी-उसळ खाल्ली तरी गोळीच लागते.

राहिलं ते प्रत्यक्ष झटक्याचं. आपल्यात पहिला शब्द येतो ‘गॅस’. सोडा प्यायचा, ओव्याची फक्की मारायची, पाठीला बाम, आणि सकाळी बघू. छातीच्या मधोमध जड वाटणं, दाबल्यासारखं, डाव्या हाताकडं नाहीतर जबड्याकडं जाणारं, बरोबर घाम, आणि पंधरा-वीस मिनिटांत थांबत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. बायकांना आणि शुगरवाल्यांना छातीत दुखेलच असं नाही, नुसता दम लागणं, अचानक गळून जाणं, मळमळ, पाठीत कळ एवढंच होऊ शकतं, म्हणून त्यांचं जास्त उशिरा कळतं. जोरजोरात खोकत राहा म्हणजे वाचता हा मेसेज डिलीट करा, त्यात वेळ जातो. १०८ ला फोन, पेशंटला चालवायचं नाही, जिना उतरवायचा नाही, मोटरसायकलवर मधे धरून आणायचं नाही. पुनीत राजकुमारांच्या नावानं राज्यात हृदय ज्योती योजना आहे, त्यात तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात ईसीजी काढून मोठ्या सेंटरच्या डॉक्टरांना दाखवतात आणि गरज असेल तर गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेसचं महागडं इंजेक्शन फुकट देतात. कणकुंबी-जांबोटीकडच्या माणसाला बेळगावपर्यंत यायला जो वेळ लागतो तेवढ्यात स्नायू मरत असतो, म्हणून जवळ जिथं ईसीजी आणि हे इंजेक्शन मिळतं तिथं आधी पोचायचं, मोठ्या हॉस्पिटलाला नंतर. ते कुठं मिळतं हे आत्ताच चौकशी करून नंबर घरच्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून ठेवा, रात्री दोनला गुगल करत बसायची वेळ नसते.